सणासुदीच्या तबकड्या : सूर, सुई आणि श्रेय

पाश्चात्त्य देशांत नाताळ जवळ आला की मांतोवानी, पर्सी फेथ किंवा आर्थर फीडलर यांच्या वाद्यवृंदांच्या जुन्या एलपी कपाटाबाहेर निघतात. १९६० च्या दशकात गुडइयरसारखी टायरची कंपनीही नाताळगीतांच्या तबकड्या आपल्या दुकानांतून स्वस्तात विकत असे. आज त्या तबकड्यांवर तिथे आस्थेने लिहिले-बोलले जाते. आपल्याकडे सणासुदीची तबकडी म्हटले की बिस्मिल्ला खाँची सनई, गणपतीच्या आरत्या, रामनवमीचे गीतरामायण आणि दिवाळीची चित्रपटगीते असा ऐवज समोर येतो. त्यावर जीव टाकणारे पुष्कळ आहेत. विचार मात्र सुटासुटा झाला आहे. गाणारे सुराविषयी बोलतात, संग्राहक सुईविषयी बोलतात, कायदा जाणणारे हक्कांविषयी. या तबकड्यांवरच्या वाद्यमेळाचे मोल काय, त्या ऐकाव्यात कशा, सांभाळायच्या कुणी आणि त्यांतले श्रेय कुणाचे, हे चार प्रश्न एकत्र ठेवून आज आपण कुठे आहोत ते पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

तो सांगली-साताऱ्याच्या अंगाने करायला सबळ कारण आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. ‘संगीत शारदा’चे गोविंद बल्लाळ देवल सांगलीजवळच्या हरिपूरचे, ‘मानापमान’चे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीचे. मिरजेत अब्दुल करीम खाँ राहिले आणि तिथल्याच दर्ग्याच्या आवारात त्यांचे दफन झाले. उरुसात त्यांच्या स्मरणार्थ आजही गाणे होते. त्याच मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. दीनानाथ मंगेशकरांचे बिऱ्हाड १९३० च्या दशकात सांगलीत होते आणि आशा भोसले यांचा जन्म १९३३ साली इथलाच. गीतरामायण लिहिणारे ग. दि. माडगूळकर जन्माने आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्याचे. सातारा जिल्ह्यातल्या औंधला गजाननबुवा जोशींनी १९४० मध्ये सुरू केलेला संगीत महोत्सव दिवाळीच्या आगेमागे भरतो, आणि गजाननबुवा गवई होते तसेच व्हायोलिनवादकही होते. नाटक, गाणे आणि वाद्य या तिन्ही गोष्टी एकाच टापूत इतक्या दाट असल्यामुळे तबकडीत काय उतरले आणि काय निसटले, हे इथल्या कानाला लवकर कळते.

कर्ण्यापासून स्टुडिओपर्यंत

भारतातले पहिले व्यावसायिक ध्वनिमुद्रण नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात झाले. ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गेसबर्गने ते केले आणि गौहरजान त्यात गायल्या. सुरुवातीला तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापून येत. १९०८ पासून कलकत्त्याच्या कारखान्यात निघू लागल्या. तबकडीचा मुख्य घटक लाख, आणि लाख तर जगाला प्रामुख्याने भारतच पुरवत होता. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटांचे गाणे मावे.

सुरुवातीची दोन दशके ध्वनिमुद्रण कर्ण्यातून होत असे. गायक कर्ण्याच्या तोंडाशी उभा राही, साथीदार मागे दाटीवाटीने बसत. खणखणीत आवाजाची वाद्ये उमटत, तंबोरा जवळजवळ नाहीसा होई. मोठा वाद्यमेळ अशा पद्धतीने नीट मुद्रित होणे शक्यच नव्हते. १९२५ च्या सुमारास विद्युत ध्वनिमुद्रण आले, मायक्रोफोन आला, आणि पाठीमागचे वादक प्रथमच ऐकू येऊ लागले. म्हणून तबकडीवरच्या वाद्यवृंदाचा इतिहास खऱ्या अर्थाने तिथून सुरू होतो.

मराठी संगीताकडे वाद्यमेळ होताच. गंधर्व नाटक मंडळीत ऑर्गन, कादरबक्षांची सारंगी आणि अहमदजान थिरकवांचा तबला हा मेळ नटाइतकाच रसिकांना प्रिय होता. पण त्याचे काम साथीचे, गळ्यामागून चालण्याचे. केशवराव भोळ्यांनी १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात आणि पुढे प्रभातच्या चित्रपटांत पियानो, व्हायोलिन, हवाईयन गिटार ही वाद्ये भावाला पोषक म्हणून योजली, तेव्हा वाद्याला स्वतंत्र बोलण्याची मुभा मिळाली. मुंबईच्या स्टुडिओंत गोव्याचे वादक आले. त्यांना स्वरलिपी वाचता येत होती आणि अनेक वाद्यांचे एकत्र लेखन करण्याची विद्या त्यांच्या हाती होती. अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसूझा ही त्यांतली ठळक नावे. चर्चमध्ये आणि नाताळच्या गायनवृंदात शिकलेली ही विद्या पुढे गणपती-दिवाळीच्या गाण्यांना उपयोगी पडली. या प्रवासाची आपण पुरेशी दखल घेतलेली नाही, असे मला वाटते.

एलपी अमेरिकेत १९४८ साली आली. आपल्याकडे रुळायला आणखी दशकभर लागले. एका बाजूला वीस-बावीस मिनिटे मिळू लागली आणि सणाच्या संगीताला सलगपणा आला. १९८० च्या दशकात कॅसेटने तबकडीची सद्दी संपवली. म्हणजे ज्याला आपण ‘जुन्या सणासुदीच्या तबकड्या’ म्हणतो, त्यांतल्या सूक्ष्म खाचांच्या तबकड्यांचा बहराचा काळ साधारण तीस वर्षांचाच.

वाद्यमेळाचे मोल : तीन भूमिका

पहिली भूमिका परंपरेच्या बाजूची आहे. आरती ही समूहाने म्हणायची गोष्ट. टाळ, झांज, घंटा, टाळ्या हाच तिचा वाद्यमेळ. तिची लय घरागणिक वेगळी आणि शेवटाकडे चढत जाणारी. तबकडीवर ती आली ती एका मुख्य आवाजात, ठरलेल्या लयीत, वाद्यांच्या बेताच्या साथीत. लता आणि उषा मंगेशकरांच्या आवाजातल्या आरत्या घरोघरी पोहोचल्या आणि म्हणण्याची गोष्ट हळूहळू ऐकण्याची झाली, असा या बाजूचा आक्षेप आहे. सनईचेही तेच. देवळातला सनई-चौघडा प्रहराला धरून, घाई न करता वाजतो. तबकडीसाठी त्याला साडेतीन मिनिटांत राग मांडून संपवावा लागला. हा आक्षेप हलका नाही. साडेतीन मिनिटांच्या सक्तीने आपल्या संगीताचे काय काय कापले गेले, हे अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या ऐकतानाही जाणवते. फक्त एक खरे, की त्या तबकड्या नसत्या तर खाँसाहेबांचा आवाज आज आपल्याला ठाऊकच नसता.

दुसरी भूमिका संगीतकारांच्या बाजूची. सण घरातून चौकात आला, चौकाला मांडव आला, मांडवाला ध्वनिवर्धक आला. त्या जागेला भरीव आवाज हवा होता आणि तो वाद्यवृंदाने दिला. १९७९ च्या ‘अष्टविनायक’ची तबकडी याचा उत्तम नमुना आहे. गणेशवंदनेचे ‘प्रथम तुला वंदितो’, अष्टविनायकांच्या महिम्याचे गाणे आणि ‘आली माझ्या घरी ही दिवाळी’ अशी दोन सणांची गाणी एकाच चित्रपटात आली आणि महाराष्ट्राने ती सणाचा भाग करून टाकली. संगीत अनिल-अरुण यांचे. अनिल मोहिले व्हायोलिनवादक आणि वाद्यवृंद-संयोजक, अरुण पौडवाल अॅकॉर्डियनवादक. दोघेही वाद्यवृंदाच्या खुर्चीतून उठून संगीतकाराच्या जागी आलेले. म्हणून त्या गाण्यांत दोन कडव्यांमधली जागा भरून काढायची म्हणून भरलेली वाटत नाही. ‘प्रथम तुला वंदितो’मध्ये वसंतराव देशपांडे यांच्यासारखा ख्यालाचा गवई आणि सोबत अनुराधा पौडवाल यांचा कोवळा आवाज, या दोघांना एकत्र बांधण्याचे कामही वाद्यांनीच केले आहे. ज्यांना वाद्यवृंद म्हणजे उसना दागिना वाटतो, त्यांनी हे गाणे फक्त वाद्यांकडे कान ठेवून एकदा ऐकावे.

तिसरी भूमिका अलीकडच्या अभ्यासकांची आहे. त्यांच्या मते परंपरा विरुद्ध वाद्यवृंद ही मांडणीच अपुरी आहे, कारण १९६० नंतर जन्मलेल्यांच्या लेखी तबकडी हीच परंपरा आहे. लग्नघर म्हणजे बिस्मिल्ला खाँ हे समीकरण काशीच्या घाटापेक्षा ध्वनिवर्धकाने आणि १९५९ च्या ‘गूंज उठी शहनाई’ने पक्के केले, आणि त्या चित्रपटाचे संगीत एका मराठी माणसाचे, वसंत देसाईंचे. आता तबकडीवरच्या लयीतच घरची आरती म्हटली जात असेल, तर तो बदलही संगीताच्या इतिहासाचाच भाग मानायला हवा.

या वादात मिरजेत जन्मलेल्या बी. आर. देवधरांची आठवण व्हावी. पलुसकरांच्या परंपरेत शिकलेला हा गुरू मुंबईत पाश्चात्त्य संगीतही रीतसर शिकला आणि दोन्हींकडे उघड्या कानाने पाहत राहिला. मला स्वतःला दुसरी आणि तिसरी भूमिका अधिक पटते. पण आरती म्हणणारी माणसे कमी झाली, या पहिल्या पक्षाच्या दुःखाला या दोन्ही भूमिकांकडे उत्तर नाही, हेही मान्य केले पाहिजे.

गीतरामायण या तिन्ही भूमिकांना अडचणीत आणते. १ एप्रिल १९५५ या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झाले आणि ५६ गीतांनी पुरे झाले. आकाशवाणीवर वेगवेगळ्या पात्रांची गीते वेगवेगळ्या गायक-गायिकांनी म्हटली. तबकड्यांच्या संचात ती सगळी सुधीर फडक्यांच्या आवाजात आहेत. मग मूळ कोणते? आकाशवाणीवर प्रथम ऐकलेले, फडक्यांनी गावोगावी बैठकीत गायलेले, की तबकडीवरचे? प्रभाकर जोगांचे व्हायोलिन फडक्यांच्या शेकडो कार्यक्रमांत गळ्याला बिलगून चालले. पुढे त्यांनी ‘गाणारं व्हायोलिन’ म्हणून शब्दांशिवाय गाणी वाजवली तेव्हा ऐकणाऱ्याच्या मनात शब्द आपोआप उमटत. मराठी वाद्यसंगीताची याहून मोठी पावती मला माहीत नाही.

ऐकावे कसे?

मूळ तबकडी मूळ यंत्रावरच ऐकावी, असे मानणारा एक वर्ग आहे. चावीचा ग्रामोफोन, पोलादी पिन, कर्णा. अनुभव म्हणून हे फार सुंदर आहे. पण त्या पिनेचा आणि ध्वनिपेटीचा भार मोठा. दर बाजूला पिन बदलली तरी खाच झिजते. दुर्मीळ तबकडी अशी वाजवणे म्हणजे ती थोडी थोडी संपवणे.

मधला मार्ग विजेच्या प्लेअरचा. इथे एक तपशील पुष्कळांच्या लक्षात येत नाही. लाखेच्या तबकडीची खाच रुंद असते. तिला सुमारे ०.०७५ मिलिमीटर टोकाची सुई लागते. एलपीची सुई त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी बारीक. ती लाखेच्या खाचेत घातली तर भिंतींना न टेकता तळाच्या धुळीत घसरत जाते आणि मग आपण म्हणतो, तबकडी खराब आहे. जुन्या अनेक प्लेअरमध्ये सुई उलटवायची छोटी कळ असते ती याचसाठी. साफ करतानाही असाच घोळ होतो. एलपी पुसायला चालणारे स्पिरिट लाखेला लावायचे नाही. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सुतार पॉलिश करतो ते याच गुणावर. आपल्या हाताने गाणे पुसून टाकल्यासारखे होते ते.

वेगाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. ७८ हा आकडा पुढे ठरला. सुरुवातीच्या तबकड्या थोड्या कमी-अधिक वेगाने मुद्रित झालेल्या आहेत. मिनिटाला दोन फेऱ्यांचा फरक पडला तरी सूर काळी एक आणि पांढरी दोन यांमधल्या जवळजवळ निम्म्या अंतराने सरकतो. गायकाची पट्टी, आवाजाचा पोत, लय सगळेच बदलते. केवळ गळा आणि सारंगी असेल तर खरा वेग ठरवणे कठीण. वाद्यमेळात ऑर्गन, पियानो किंवा अॅकॉर्डियन असेल तर त्यांचे बांधलेले सूर दिशा दाखवतात. ज्या वाद्यांना शुद्धतावादी परके म्हणत आले, तीच इथे मूळ सुराच्या बाजूने साक्ष देतात.

संगणकावर खरखर काढण्याविषयी मतभेद तीव्र आहेत. एका पक्षाला स्वच्छ आवाज हवा, म्हणजे नवा श्रोता टिकेल. दुसरा म्हणतो, खरखरीबरोबर सारंगीच्या गजाचा श्वास, झांजेचा वरचा नाद आणि सनईची कड हेही जाते. जगातल्या अभिलेखागारांनी यावर काढलेला तोडगा शहाणपणाचा आहे : जसे आहे तसे मुद्रण कायम जपायचे, त्याची प्रत हवी तेवढी स्वच्छ करायची. आंतरजालावर फिरणाऱ्या बहुतेक सणाच्या गाण्यांच्या बाबतीत मात्र मूळ मुद्रण कुठे आहे याचा पत्ताच नसतो, आणि ऐकणाऱ्याला आपण कितवी प्रत ऐकतो आहोत हे कळत नाही.

सांभाळायचे कुणी, हक्क कुणाचे?

आजवर हे काम मुख्यतः संग्राहकांनी केले आहे. १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स आणि तिचे डॉ. सुरेश चांदवणकर यांनी सूची, लेख, श्रवणबैठका असे सातत्याने काम उभे केले. ‘यंग इंडिया’ या मुंबईच्या देशी कंपनीच्या तबकड्यांचे डिजिटायझेशन ब्रिटिश लायब्ररीच्या मदतीने झाले. संग्राहकाचा जीव एकेका तबकडीत असतो, हे त्याचे बळ. त्याच्या पश्चात संग्रहाचे काय, हा त्यातला कच्चा दुवा. संस्थेकडे इमारत असते, नोंदवही असते; पण वाजवून पाहणारा माणूस असेलच असे नाही. दोन्ही बाजूंचे म्हणणे बरोबर आहे आणि म्हणूनच संग्राहक की संस्था हा वाद सुटत नाही.

कृष्णाकाठाला आणखी एक चिंता आहे, पुराची. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले. १८६९ पासून उभ्या असलेल्या सांगली नगर वाचनालयाची हजारो पुस्तके त्यात भिजून गेली. घरांच्या तळमजल्यांवर काय काय होते याचा हिशेब कुणी मांडला नाही. एलपी पाण्याने मरत नाही. धुऊन, सावलीत वाळवून ती पुन्हा वाजते. लाखेच्या काही तबकड्यांत आत कागदाचा थर असतो, तो फुगतो. पण सगळ्यात आधी जाते ते वेष्टन आणि मधले गोल लेबल. सूर उरतो आणि तो कुणाचा हे सांगणारी चिठ्ठी गळून पडते.

कायद्याचे चित्र तुलनेने स्पष्ट आहे, तरी गैरसमज फार. भारतात ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क ते प्रसिद्ध झाल्यानंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. म्हणजे १९६५ ची तबकडी २०२५ अखेर मुक्त झाली. पण शब्द आणि चाल यांचा हक्क कवी-संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षे चालतो. माडगूळकर १९७७ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवर २०३७ अखेरपर्यंत हक्क आहे. समर्थांची आरती कुणाच्याही मालकीची नाही, तिची विशिष्ट चाल आणि मुद्रण असू शकते. नुसत्या वाद्यांवर वाजवलेल्या जुन्या पारंपरिक धुना यातून सर्वांत लवकर सुटतात. त्यांच्यापासून सुरुवात केली तर सार्वजनिक संग्रहाला अडथळा कमी.

राहिलेला प्रश्न

आता श्रेयाचा प्रश्न. सणाच्या गाण्याची कोणतीही जुनी तबकडी हातात घेऊन लेबल वाचा. कंपनीचे नाव, क्रमांक, गाण्याचे पहिले शब्द, गायक, बहुधा कवी आणि संगीतकार. व्हायोलिन कुणाचे, बासरी कुणाची, ढोलकी कुणी वाजवली, वाद्यमेळ कुणी लिहिला, याविषयी साधारणतः एक अक्षर नाही. वादकाच्या नावावरच निघालेल्या तबकड्यांचा अपवाद. मास्टर इब्राहिमांची क्लॅरिनेट किंवा इनॉक डॅनियल्सांचे अॅकॉर्डियन नावानिशी ओळखले जाते. बाकीचे शेकडो वादक त्या दिवसाची बिदागी घेऊन घरी गेले.

हिंदी चित्रपटसंगीतात ही उणीव काही अंशी भरून निघाली. ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने मुंबईच्या स्टुडिओंतल्या वादकांना भेटून ‘बिहाइंड द कर्टन’ हे पुस्तक २००८ साली सिद्ध केले. वादकांच्या आठवणी, रोजंदारी, बसण्याची रचना, संघटना असे सगळे त्यात आले. मराठी भावगीते, भक्तिगीते आणि सणाच्या तबकड्या यांच्यापुरते असे सलग काम झालेले नाही. दर्जाविषयीचा वाद पन्नास वर्षांनीही घालता येईल. खरखर काढण्याची साधने दरवर्षी सुधारतील. १९७० मध्ये पंचविशीत असलेला वादक मात्र आज ऐंशीच्या घरात आहे. म्हणून या चार प्रश्नांत पहिला मान श्रेयाच्या नोंदीला मिळाला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे काम मोठ्या निधीची वाट पाहत थांबण्याजोगे नाही. सांगली, मिरज, सातारा, कऱ्हाड, औंध इथे ज्यांच्या घरी तबकड्या आहेत त्यांनी प्रत्येक तबकडीच्या दोन्ही लेबलांचे स्वच्छ छायाचित्र काढावे. लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला क्रमांकही टिपावा. तबकडी कोणत्या मुद्रणातून निघाली याचा माग त्यावरून लागतो. तबकड्या उभ्या ठेवाव्यात, तळमजल्यावरून हलवाव्यात. आणि आपल्या कुटुंबात, गल्लीत, बँडपथकात, नाटक मंडळीत कुणी मुंबई-पुण्याला ध्वनिमुद्रणाला वाजवायला जात असेल, तर त्याच्यापुढे ती तबकडी लावून विचारावे : तुम्ही कोणते वाद्य वाजवले, शेजारी कोण होते, लिहून कुणी दिले होते? मिळेल ते उत्तर तारखेसह कागदावर उतरवून जवळच्या वाचनालयात एक प्रत द्यावी. येत्या गणपतीच्या आधी हे सहज होण्यासारखे आहे.